रॉथ आयआरएमध्ये मर्यादेपेक्षा जास्त भरलेली रक्कम : दुरुस्तीची सविस्तर पद्धत

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांमध्ये निवृत्तीसाठी रॉथ आयआरए, म्हणजे कर भरून झालेले पैसे ठेवण्याचे वैयक्तिक निवृत्ती खाते, उघडलेले असते. या खात्याची अडचण अशी, की पैसे बहुधा वर्षाच्या सुरुवातीला भरले जातात आणि ते भरण्याचा आपल्याला हक्क होता की नव्हता, हे मात्र वर्षाचे सगळे उत्पन्न समजल्यावर, म्हणजे पुढच्या वर्षी विवरणपत्र भरताना ठरते. दरम्यान बोनस मिळतो, कंपनीचे शेअर हाती येतात, लग्न होते किंवा पुण्यातील सदनिका विकली जाते, आणि जानेवारीत नियमात बसणारा भरणा डिसेंबरअखेर जादा ठरतो. असा जादा भरणा खात्यात तसाच राहिला, तर त्यावर दरवर्षी ६ टक्के कर लागतो, आणि तो एकदाच न लागता रक्कम खात्यात असेपर्यंत प्रत्येक वर्षी लागत राहतो.

कायद्याने दुरुस्तीला पुरेशी मुदत दिली आहे आणि त्या मुदतीत दुरुस्ती केल्यास हा कर अजिबात लागत नाही. मात्र खात्यातून पैसे काढण्याआधी भरणा कोणत्या करवर्षासाठी होता, त्यातील नेमका किती भाग जादा आहे आणि आज कोणती तारीख आहे, या तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात, कारण पुढचा मार्ग याच तीन गोष्टींवर ठरतो. घाईघाईने संकेतस्थळावरून साधे पैसे काढले, तर ब्रोकरेज कंपनी, म्हणजे जिच्याकडे खाते आहे ती कंपनी, त्याची नोंद नेहमीच्या पैसेकाढणीसारखी करते, त्यातून जादा भरणा कायद्याच्या दृष्टीने मुदतीत परत गेला असे ठरत नाही, आणि चुकीची नोंद बदलून घेणे मूळ दुरुस्तीपेक्षा जिकिरीचे होऊन बसते.

भरणा जादा कसा ठरतो

आयआरएची वार्षिक मर्यादा २०२४ आणि २०२५ या वर्षांसाठी ७,००० डॉलर होती. २०२६ साठी ती ७,५०० डॉलर आहे. वयाची पन्नाशी गाठलेल्यांना २०२५ पर्यंत १,००० डॉलर आणि २०२६ साठी १,१०० डॉलर अधिक भरता येतात. ही मर्यादा रॉथ आणि ट्रॅडिशनल (ज्यातील भरण्यावर करवजावट मिळू शकते) या दोन्ही प्रकारांतील सर्व खात्यांना मिळून आहे. पन्नाशीखालील व्यक्तीने २०२५ साठी एका ब्रोकरेजकडे रॉथमध्ये ७,००० आणि दुसऱ्या ब्रोकरेजकडे ट्रॅडिशनलमध्ये ३,००० डॉलर भरले, तर दोन्हीपैकी कोणत्याही कंपनीला ते कळणार नाही, पण ३,००० डॉलर जादा झालेले असतील.

दुसरी अट मेहनतीच्या उत्पन्नाची आहे. पगार किंवा व्यवसायातील कमाई जेवढी असेल, त्याहून अधिक रक्कम आयआरएमध्ये भरता येत नाही. घरभाडे, मुदत ठेवीचे व्याज, लाभांश यांची गणना या कमाईत होत नाही. एच-४ व्हिसावर असलेल्या आणि कामाचा परवाना नसलेल्या जोडीदाराच्या नावे मात्र दुसऱ्याच्या पगाराच्या आधारे भरणा करता येतो. त्यासाठी विवरणपत्र संयुक्त असावे लागते. भारतात परतलेल्या ग्रीनकार्डधारकांनी किंवा अमेरिकी नागरिकांनी येथे विशेष काळजी घ्यावी. भारतातील पगार फॉर्म २५५५ भरून अमेरिकी करातून पूर्णपणे वगळला असेल, तर तो पगार आयआरएसाठी कमाई म्हणून धरला जात नाही, आणि ब्रोकरेजकडे लावून ठेवलेला दरमहाचा स्वयंचलित भरणा चालू राहिला, तर त्यातील प्रत्येक डॉलर जादा ठरतो.

सर्वाधिक लोक अडकतात ते तिसऱ्या अटीत, म्हणजे रॉथसाठीच्या उत्पन्नमर्यादेत. एकट्याने विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी २०२५ मध्ये १,५०,००० डॉलर उत्पन्नापासून रॉथचा हक्क कमी होऊ लागतो आणि १,६५,००० डॉलरला संपतो. संयुक्त विवरणपत्रासाठी हा पट्टा २,३६,००० ते २,४६,००० डॉलर आहे. २०२६ साठी हेच आकडे अनुक्रमे १,५३,००० ते १,६८,००० आणि २,४२,००० ते २,५२,००० डॉलर आहेत. येथे मोजायचे उत्पन्न म्हणजे करासाठीचे समायोजित उत्पन्न काही फेरबदल करून धरलेले असते. उदाहरणार्थ, फॉर्म २५५५ ने वगळलेला परदेशी पगार त्यात पुन्हा मिळवला जातो, तर ट्रॅडिशनलमधील पैसे रॉथमध्ये हलवल्याने, म्हणजे रूपांतरातून, आलेले करपात्र उत्पन्न त्यातून वजा होते.

आपल्याकडच्या लोकांच्या नजरेतून सुटणारा भाग भारतातील उत्पन्नाचा आहे. अमेरिकेचे करनिवासी असणाऱ्याला जगभरातील उत्पन्न दाखवावे लागते. एनआरई खात्यातील व्याज भारतात करमुक्त असले, तरी अमेरिकेत ते करपात्र आहे. एनआरओ ठेवींचे व्याज, पुण्या-ठाण्यातील घराचे भाडे, वडिलोपार्जित जमीन विकून झालेला भांडवली नफा, हे सगळे या उत्पन्नमर्यादेत मोजले जाते, आणि भारतात भरलेल्या कराची सूट फॉर्म १११६ मधून मिळाली तरी उत्पन्नाचा आकडा कमी होत नाही. त्यामुळे आयआरएसाठी कमाई म्हणून ज्या उत्पन्नाचा उपयोग होत नाही, तेच उत्पन्न रॉथचा हक्क मात्र काढून घेऊ शकते.

लग्न झालेल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. जोडीदार भारतात आहे, अमेरिकेचा करनिवासी नाही, आणि त्याला निवासी मानण्याचा पर्याय निवडून संयुक्त विवरणपत्र भरलेले नाही, अशा स्थितीत सामान्यतः विवाहित पण स्वतंत्र या वर्गात विवरणपत्र जाते. त्या वर्षात पती-पत्नी काही काळ जरी एकत्र राहिले असतील, तर या वर्गासाठी रॉथचा हक्क शून्य डॉलरपासून कमी होऊ लागतो आणि १०,००० डॉलरला संपतो, म्हणजे व्यवहारात संपूर्ण भरणा जादा ठरतो. वर्षभरात अजिबात एकत्र न राहिल्यास एकट्या व्यक्तीचे आकडे लागू होतात. डिसेंबरमध्ये लग्न करून काही दिवस गावी एकत्र घालवणाऱ्यांना हा नियम बहुधा माहीत नसतो.

जादा रक्कम निश्चित करणे

उत्पन्न पट्ट्याच्या मधोमध असेल तर संपूर्ण भरणा जादा नसतो. समजा, एकट्याने विवरणपत्र भरणाऱ्या आणि पन्नाशी न गाठलेल्या व्यक्तीचे २०२५ चे उत्पन्न १,५६,००० डॉलर निघाले आणि तिने रॉथमध्ये ७,००० डॉलर भरलेले आहेत. पट्टा १५,००० डॉलरचा आहे, ती त्यात ६,००० डॉलर आत शिरली, म्हणजे ४० टक्के. सात हजारांचे ४० टक्के २,८०० डॉलर होतात. तेवढा हक्क गेला आणि ४,२०० डॉलरचा भरणा कायम राहिला. जादा रक्कम २,८०० डॉलर. दुरुस्ती न केल्यास पहिल्या वर्षाचा कर १६८ डॉलर होईल.

या टप्प्यावर, पैसे काढण्याआधी, उत्पन्नच कमी करता येते का हे पाहावे. पात्र आरोग्य विमा योजना असेल, तर त्या वर्षासाठी एचएसए (आरोग्य खर्चासाठीच्या बचत) खात्यात पुढील १५ एप्रिलपर्यंत स्वतः भरलेली रक्कम समायोजित उत्पन्नातून वजा होते आणि जादा भरणा काही प्रमाणात आपोआप कमी होतो. ट्रॅडिशनल आयआरएची वजावट मात्र येथे उपयोगी नाही, कारण रॉथच्या मोजणीत ती परत मिळवली जाते.

मुदतीत असताना : जादा रक्कम नफ्यासह काढणे

मुदत म्हणजे विवरणपत्राची तारीख, मुदतवाढीसह. करवर्ष २०२५ साठी ती १५ ऑक्टोबर २०२६ आहे. ज्यांनी मुदतवाढ न घेता १५ एप्रिलपर्यंत वेळेवर विवरणपत्र भरले, त्यांनाही १५ ऑक्टोबरपर्यंत दुरुस्ती करता येते. त्यांना बहुधा सुधारित विवरणपत्र भरावे लागते आणि त्याच्या वरच्या बाजूला ‘फाइल्ड पर्स्युअंट टू सेक्शन ३०१.९१००-२’ हे शब्द इंग्रजीत लिहावे लागतात. ज्यांनी एप्रिलपर्यंत विवरणपत्रही भरले नाही आणि मुदतवाढही मागितली नाही, त्यांना ही सवलत मिळत नाही.

ब्रोकरेज कंपनीकडे साध्या पैसेकाढणीचा नव्हे, तर जादा भरणा परत करण्याचा स्वतंत्र फॉर्म मागावा. त्यात करवर्ष, भरण्याची तारीख, भरलेली मूळ रक्कम आणि जादा रक्कम लिहावी लागते. दूरध्वनीवर बोलताना ‘रिमूव्हल ऑफ एक्सेस’ हेच शब्द वापरावेत. समोरच्या कर्मचाऱ्याला त्यावरून योग्य फॉर्म सापडतो. करवर्ष आणि भरण्याचे कॅलेंडर वर्ष यांची गल्लत येथे फार होते. फेब्रुवारी २०२६ मध्ये भरलेले पैसे २०२५ साठी असू शकतात, आणि फॉर्मवर चुकीचे वर्ष पडले तर नफ्यावरचा कर चुकीच्या वर्षात जातो.

जादा रकमेसोबत तिने खात्यात मिळवलेला नफाही काढावा लागतो. बहुतेक मोठ्या ब्रोकरेज कंपन्या हा हिशेब स्वतः करतात, पण तो पडताळता यायला हवा. ज्या खात्यात भरणा झाला, त्याच खात्याचा हिशेब धरायचा. इतर आयआरए खाती त्यात आणायची नाहीत. भरण्याच्या लगेच आधीचे खात्याचे मूल्य घ्यावे आणि त्यात हा भरणा व त्यानंतर आत आलेल्या इतर रकमा मिळवाव्यात. ही सुरुवातीची रक्कम झाली. दुरुस्तीच्या वेळचे मूल्य घेऊन त्यात मधल्या काळात बाहेर गेलेल्या रकमा मिळवाव्यात. ही अखेरची रक्कम झाली. दोहोंतील फरकाला सुरुवातीच्या रकमेने भागावे आणि जादा रकमेने गुणावे.

वरच्या उदाहरणात भरण्याआधी खात्यात १३,००० डॉलर होते असे धरू. ७,००० डॉलर भरल्यावर सुरुवातीची रक्कम २०,००० झाली. मार्च २०२६ मध्ये मूल्य २३,००० डॉलर आहे आणि मधे काहीच आले-गेले नाही. वाढ ३,००० डॉलर, म्हणजे १५ टक्के. २,८०० डॉलरवर १५ टक्क्यांनी ४२० डॉलर नफा होतो, आणि एकूण ३,२२० डॉलर बाहेर काढावे लागतात. बाजार पडलेला असेल, तर याच सूत्रातून तोटा निघतो आणि २,८०० पेक्षा कमी रक्कम काढली तरी दुरुस्ती पूर्ण मानली जाते.

मूळ २,८०० डॉलरवर कर नाही, कारण ते आधीच कर भरून झालेले पैसे आहेत. ४२० डॉलर नफा मात्र करपात्र आहे, आणि तो ज्या वर्षात भरणा खात्यात गेला त्या वर्षाच्या विवरणपत्रात दाखवायचा असतो, पैसे काढल्याच्या वर्षात नव्हे. भरणा २०२५ मध्ये झाला असेल, तर नफा २०२५ च्या विवरणपत्रात जाईल. काढलेल्या पैशांची नोंद असलेला, ब्रोकरेजकडून येणारा फॉर्म १०९९-आर मात्र जानेवारी २०२७ मध्ये मिळेल आणि त्यावर पी आणि जे ही अक्षरे असतील. पी याचा अर्थ नफा मागील वर्षात करपात्र आहे. तो फॉर्म हाती येईपर्यंत थांबू नये. २०२५ चे विवरणपत्र अजून भरायचे असेल तर नफा त्यातच दाखवावा, आणि भरून झाले असेल तर सुधारित विवरणपत्राचा फॉर्म १०४०-एक्स भरून सुधारावे. भरणा आणि परतावा एकाच कॅलेंडर वर्षात झाले, तर पीऐवजी ८ हा आकडा येतो. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या सिक्युअर २.० कायद्यानंतर अशा वेळेवर काढलेल्या नफ्यावर ५९ वर्षे ६ महिन्यांखालील वयासाठीचा १० टक्के जादा कर लागत नाही. काही जुनी माहितीपत्रके अजूनही तो लागतो असे सांगतात, आणि करसंगणकप्रणालीतही तो लावला गेलेला नाही ना, हे पाहून घ्यावे.

मुदतीत असताना : ट्रॅडिशनलमध्ये वळवणे

भरणा केवळ उत्पन्न जास्त झाल्यामुळे जादा ठरला असेल, तर माझ्या मते पैसे बाहेर काढण्यापेक्षा ते ट्रॅडिशनल आयआरएमध्ये वळवणे बहुतेकांच्या हिताचे असते. याला रीकॅरेक्टरायझेशन म्हणतात. जादा रक्कम वर दिलेल्या सूत्राने काढलेल्या नफ्यासह त्याच कंपनीतील किंवा दुसऱ्या कंपनीतील ट्रॅडिशनल आयआरएमध्ये थेट हलवली जाते, आणि ती पहिल्यापासून तेथेच भरली होती असे कायदा मानतो. नफ्यावर त्या वेळी कर लागत नाही, आणि निवृत्तीसाठी ठेवलेले पैसे निवृत्तीच्या खात्यातच राहतात. मुदत तीच, म्हणजे १५ ऑक्टोबर. मात्र एकूण मर्यादाच ओलांडली असेल किंवा कमाईच नसेल, तर हा मार्ग चालत नाही, कारण तो भरणा ट्रॅडिशनलमध्येही जादाच ठरेल.

एवढे उत्पन्न असणाऱ्या आणि नोकरीत ४०१के (कंपनीमार्फत पगारातून कपात होणारी निवृत्ती बचत) योजना असणाऱ्या व्यक्तीला ट्रॅडिशनलच्या भरण्याची वजावट सहसा मिळत नाही. म्हणून त्या वर्षाच्या विवरणपत्राला फॉर्म ८६०६ जोडून ही रक्कम विनावजावट भरल्याची नोंद करावी आणि सोबत काय, कधी, कोठून कोठे वळवले याचे छोटे निवेदन द्यावे. ही नोंद करायची राहून गेली, तर निवृत्तीच्या वेळी त्याच पैशांवर दुसऱ्यांदा कर भरण्याची वेळ येते.

यानंतर अनेक जण ती रक्कम ट्रॅडिशनलमधून पुन्हा रॉथमध्ये रूपांतरित करतात. रूपांतराला २०१० पासून उत्पन्नाची मर्यादा नाही, त्यामुळे हे कायदेशीर आहे. अडचण येते ती आधीच्या नोकरीतील ४०१के आयआरएमध्ये आणून ठेवलेल्यांना. समजा, अशा करपूर्व पैशांचे ९३,००० डॉलर आणि नवे विनावजावट ७,००० डॉलर आहेत. मग ७,००० रूपांतरित केले तरी त्यातील ७ टक्केच करमुक्त ठरतात आणि उरलेल्यावर कर लागतो, कारण ३१ डिसेंबरला असलेली सर्व ट्रॅडिशनल, तसेच एसईपी व सिंपल (छोट्या व्यवसायांमार्फतची) आयआरए खाती एकत्र धरली जातात. सध्याच्या कंपनीची ४०१के योजना बाहेरून पैसे घेत असेल, तर करपूर्व रक्कम त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरआधी तेथे हलवून मग रूपांतर करावे. २०१८ पासून रूपांतर मागे घेता येत नाही, म्हणून हा हिशेब आधीच करावा.

१५ ऑक्टोबर उलटून गेल्यावर

मुदत गेली की त्या वर्षाचा ६ टक्के कर टळत नाही. तो फॉर्म ५३२९ वर मोजला जातो. ट्रॅडिशनलसाठी त्याचा तिसरा भाग आणि रॉथसाठी चौथा भाग आहे. वर्षअखेरीस खात्यांत जेवढे मूल्य आहे त्याच्या ६ टक्क्यांपेक्षा तो अधिक होत नाही. यापुढचे काम म्हणजे पुढील वर्षाचा कर लागू न देणे, आणि त्यासाठीची तारीख ३१ डिसेंबर ही आहे.

रॉथमधून आता फक्त जादा रक्कम काढावी. नफा काढण्याची गरज नाही. रॉथमधून काढलेले पैसे आधी स्वतः भरलेल्या रकमेतून गेले असे मानले जाते, त्यामुळे त्यांवर सहसा कर लागत नाही. येथे साधी पैसेकाढणीच करायची असते आणि तिची नोंद फॉर्म ८६०६ च्या तिसऱ्या भागात होते. ट्रॅडिशनलमधून मुदतीनंतर काढलेली जादा रक्कम करमुक्त राहण्यासाठी त्या वर्षीचा एकूण भरणा वार्षिक मर्यादेच्या आत असावा लागतो आणि त्यावर वजावट घेतलेली नसावी लागते.

दुसरा मार्ग जादा रक्कम पुढील वर्षाच्या मर्यादेत सामावून घेण्याचा आहे. आपल्या उदाहरणात २०२५ ची २,८०० डॉलर जादा रक्कम नोव्हेंबर २०२६ मध्ये लक्षात आली, असे समजा. २०२६ मध्ये उत्पन्न कमी असून रॉथचा पूर्ण ७,५०० डॉलरचा हक्क आहे. मग २०२६ साठी नवा भरणा ४,७०० डॉलरपर्यंतच ठेवला, की जुने २,८०० डॉलर २०२६ चे म्हणून सामावले जातात. २०२५ चे १६८ डॉलर द्यावेच लागतात, पण पुढे काही लागत नाही. पुढील वर्षी उत्पन्न घटणार हे निश्चित नसेल, तर या मार्गावर विसंबू नये. पैसे काढून मोकळे होणे बरे.

अनेक वर्षांची चूक एकदम लक्षात आली असेल, तर मे महिन्याच्या अखेरीस येणारे प्रत्येक वर्षाचे फॉर्म ५४९८ गोळा करावेत. कोणत्या वर्षासाठी कोणत्या खात्यात किती भरणा झाला, हे त्यांवर असते. मग पहिल्या वर्षापासून जादा रक्कम पुढे नेत प्रत्येक वर्षासाठी त्या त्या वर्षाचा फॉर्म ५३२९ भरावा. आयकर बदलत नसेल तर तो सही करून स्वतंत्रपणेही पाठवता येतो. अशा प्रकरणात अमेरिकी आणि भारतीय उत्पन्न दोन्ही समजणाऱ्या परवानाधारक करसल्लागाराची फी सार्थकी लागते, कारण जुन्या वर्षांतील एक आकडा चुकला की पुढचे सगळे आकडे बदलतात.

नोकरी बदलल्यास ४०१के

४०१केमधील पगारकपातीची मर्यादा २०२५ साठी २३,५०० आणि २०२६ साठी २४,५०० डॉलर आहे, आणि ती व्यक्तीला लागू आहे, कंपनीला नव्हे. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली, तर नव्या कंपनीला जुन्या कंपनीतील कपात माहीत नसते. कंपन्यांकडून मिळणाऱ्या वार्षिक पगाराच्या दोन्ही डब्ल्यू-२ फॉर्मांच्या १२ क्रमांकाच्या चौकटीत डी आणि एए या अक्षरांपुढील रकमा जोडून पाहाव्यात. पन्नाशीखालील व्यक्तीची बेरीज मर्यादेपेक्षा जास्त निघाल्यास कोणत्याही एका योजनेला लेखी कळवून जादा रक्कम नफ्यासह परत मागावी.

येथे मुदतवाढीचा उपयोग नाही. पैसे १५ एप्रिलपर्यंत परत आलेले असावे लागतात, आणि बऱ्याच योजना मार्चच्या सुरुवातीलाच अर्ज मागतात. करपूर्व कपातीची जादा रक्कम कपातीच्या वर्षात पगार म्हणून करपात्र होते, तर नफा पैसे परत मिळाल्याच्या वर्षात. १५ एप्रिल चुकली तर ती रक्कम कपातीच्या वर्षात करपात्र राहतेच, शिवाय निवृत्तीत काढताना पुन्हा करपात्र होते, म्हणून नवी नोकरी घेतानाच आधीच्या कपातीचा आकडा नव्या कंपनीच्या पगार विभागाला लेखी द्यावा.

दुरुस्तीनंतर फॉर्मची प्रत, नफ्याचा हिशेब, त्या दिवसाचे खाते-विवरण आणि १०९९-आर एकत्र जपून ठेवावेत, आणि ब्रोकरेजकडील स्वयंचलित भरणा त्याच दिवशी थांबवावा. तो चालू राहिल्यास पुढच्या महिन्यात नवा जादा भरणा सुरू होतो. ज्यांचे उत्पन्न मर्यादेच्या आसपास असते, त्यांनी त्या वर्षाचा भरणा पुढील फेब्रुवारी-मार्चमध्ये, सगळे आकडे हाती आल्यावर करावा. कायद्याने त्यासाठी १५ एप्रिलपर्यंत वेळ दिलेलाच आहे.